पोकळ ब्लॉक, भरीव ब्लॉक आणि भिंतीमागचं पाणी

संगमेश्वर तालुक्यात गाव असलेल्या आणि डोंबिवलीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वडील निवृत्त झाल्यावर गावच्या उतरत्या जागेत छोटं घर बांधायला काढलंय. अंगण जोत्याच्या पातळीला आणायचं तर खालच्या अंगाला ६० फूट लांब आणि ६ फूट उंच भिंत घालून मागे भराव करावा लागणार. गवंडी म्हणतो, आठ इंची पोकळ ब्लॉक घ्या. हलके, स्वस्त, आठ दिवसांत भिंत उभी. वडिलांना हे अजिबात पटत नाही. ‘आत भोकं असलेल्या ब्लॉकने डोंगर अडवणार? सॉलिडच पाहिजेत,’ असं त्यांचं म्हणणं. धाकटा भाऊ दाखला देतो की शेजारच्या वाडीत पोकळ ब्लॉकचं कंपाउंड दहा वर्षं ठणठणीत उभं आहे. भिंतीच्या खाली बारा-पंधरा फुटांवर चुलत्यांचा गोठा आहे. काम पावसाआधी उरकायचंय. ‘मी कोणाचं ऐकू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ब्लॉकसाठी आणि दुसऱ्यांदा गोठ्यासाठी. गोठ्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता, एका ओळीत केलाय. माझ्या लेखी पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ तीच. खाली मोकळं माळरान असतं तर भिंत पडली तरी पैसे बुडाले एवढंच झालं असतं. खाली गुरं बांधलेली आहेत आणि पहाटे तिथे कोणीतरी धार काढायला बसतं. २०१९च्या पावसाळ्याच्या तोंडावर आधी पुण्यात कोंढव्याला आणि मग मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्याला भिंती कोसळून जी माणसं गेली, ती भिंतीच्या पायथ्याशी झोपलेली होती. घाबरवायला हे सांगत नाही. तुमची भिंत ‘कंपाउंड’ या सदरात मोडत नाही एवढंच आधी मनाशी पक्कं व्हावं, म्हणून सांगतो.

इथेच तुमच्या भावाचा मुद्दा निकाली निघतो. शेजारच्या वाडीतलं कंपाउंड दहा वर्षं उभं आहे, कारण त्याला दोन्ही बाजूंनी हवा आहे. त्याला वारा सोसायचाय आणि फार तर एखादी म्हैस अंग घासून जाणार. तुमच्या भिंतीला एका बाजूने हवा आणि दुसऱ्या बाजूने माती आहे. दोन्ही भिंती एकाच ब्लॉकच्या असल्या तरी त्यांचं काम एक नाही.

माती किती ढकलते, याचा थोडा हिशोब करू. सुटी, निचरा होणारी मुरमाड माती घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरते. ती भिंतीवर आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश जोराने आडवी रेलते. सहा फूट उंचीला हा जोर दर रनिंग फुटाला ३०० किलोपर्यंत जातो. म्हणजे साठ फुटांच्या भिंतीवर अठरा टन, आणि तेही माती कोरडी असताना. आता तीच माती पावसाने भरली आणि पाण्याला वाट मिळाली नाही, तर हा आकडा दुपटीच्या पुढे जातो, फुटाला साडेसहाशे किलोंच्या घरात. माती निदान स्वतःच्या अंगच्या घर्षणाने थोडी सावरून धरते. पाणी तसलं काही करत नाही, ते पूर्ण वजनाने ढकलतं. तुमच्या भागात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अंगण १५०० चौरस फूट धरलं तर १०० मिलिमीटरच्या एका दिवसात त्यावर जवळपास १४,००० लिटर पाणी उतरतं. दीड टँकर झाला. त्यातलं किती भिंतीमागे मुरणार आणि तिथून कुठे जाणार, हे तुमच्या घरातल्या तिघांपैकी कोणीच बोललेलं नाही. गवंडीही नाही.

आता वडिलांच्या शंकेकडे येतो, कारण ती नुसती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर नाही. भोकं तशीच रिकामी ठेवून पोकळ ब्लॉकची भिंत घातली तर ती मातीसमोर टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चूक पुढच्या पायरीला होते. पोकळ ब्लॉक कच्चा म्हणून भरीव ब्लॉक पक्का, असं ते धरून चाललेत. आठ इंची भरीव ब्लॉकची सहा फुटी भिंत नुसती रचून उभी केली, तर फुटाला तिचं वजन सव्वादोनशे किलोंच्या आसपास येतं. मातीचा जोर भिंतीला खालच्या पुढच्या कडेवरून उलटवायला बघतो आणि भिंतीचं वजन तिला मागे धरून ठेवतं. या दोघांचा हिशोब मांडला तर उलटवणारा जोर जवळजवळ आठपट भरतो. आठपट! ब्लॉक दाबून किती सहन करतो याला तिथे काही किंमत उरत नाही. ब्लॉक चिरडून भिंत पडत नाही. ती थरांमधल्या सांध्यात उघडते आणि पालथी होते.

भरीव ब्लॉकने ही भिंत बांधता येते, नाही असं नाही. पण मग ती वजनावर उभी राहणारी भिंत होते. माथ्याला दीड फूट रुंद, आणि पायाकडे सव्वातीन-साडेतीन फूट. आपल्याकडे दगडी बांध असेच रुंद घालत आले आहेत. साठ फुटांसाठी अशा भिंतीला पायाखालचं काम सोडून पंधराशेच्या आसपास ब्लॉक लागतील. गवंडी ज्या आठ इंची भिंतीबद्दल बोलतोय तिला चारशे-सव्वाचारशे. ‘सॉलिड घेऊ, थोडे पैसे जास्त जातील,’ असं तुमच्या वडिलांच्या मनात असेल, तर ते ‘थोडे’ म्हणजे साडेतीन पट ब्लॉक आहेत हे त्यांना कळू द्या. एकेक ब्लॉक तीस किलोंच्या आसपास. उतारावर ते वाहून नेणाऱ्या बायकांच्या डोक्याचाही विचार करा.

मग पोकळ ब्लॉक कशासाठी असतो? त्या भोकांसाठीच. ती जागा सळईची आहे. पायातून वर आलेल्या सळया भोकांतून वर जातात, भोकं काँक्रीटने गच्च भरतात, आणि मग ती भिंत ब्लॉकची न राहता काँक्रीटची होते. ब्लॉक तिचं साचा-पेटीचं काम करतात, आणि सेंट्रिंगचा खर्च वाचतो तो इथे. भरीव ब्लॉकच्या पोटातून सळई नेता येत नाही, त्यामुळे त्याला फक्त वजनाचाच आधार उरतो. म्हणजे बघा, वडिलांना जी भोकं खुपतात ती पोकळ ब्लॉकची सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, आणि गवंड्याला ज्यामुळे तो स्वस्त वाटतो तो रिकामेपणा सगळ्यात धोक्याचा.

तुमच्या गवंड्याला एकच प्रश्न विचारा: ‘भोकं कशाने भरणार?’ ‘भरायची कशाला?’ असं उत्तर आलं तर काम तिथेच थांबवा. ‘वाळू-सिमेंटचा माल टाकू’ असं आलं तरी समाधान मानू नका.

चिपळूणकडची एक भिंत मी जवळून पाहिलेली आहे. सहा फुटांची, आठ इंची पोकळ ब्लॉकची, आत सळयाही होत्या. दोन पावसाळे काढले आणि तिसऱ्या जुलैत तिला पोट सुटलं. मी गेलो तेव्हा खालून तिसऱ्या-चौथ्या थराच्या मधे एक आडवी चीर होती, हाताची करंगळी जाईल एवढी. हातोडीचा दांडा घेऊन मी भिंत वाजवत गेलो. वरचे दोन थर टणटण बोलत होते. त्याच्या खाली डबडब, डबडब, रिकाम्या डब्यासारखं. एक ब्लॉक फोडून बघितला तर आत सळई हवेत उभी, तांबेरलेली, आणि थरांच्या सांध्यांतून आत लोंबलेल्या वाळू-सिमेंटच्या मसाल्याच्या जिभा. सगळी उंची चढवून झाल्यावर वरून एकदम काँक्रीट ओतलं होतं. ते त्या जिभांवर अडकलं, वर तुंबलं, आणि गवंड्याला वाटलं भोक भरलं. मालकाने पैसे पूर्ण भरलेले होते, सिमेंटच्या गोण्याही हिशोबात बरोबर होत्या. तीस फूट भिंत पाडून पुन्हा घातली.

म्हणून तुमच्याकडे भोकं भरायचं काम तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. थर बसवताना आत लोंबलेला मसाला त्याच वेळी सळईने ठोकून पाडायचा. अगदी खालच्या थरात सळई असलेल्या प्रत्येक भोकासमोर एक छोटी खिडकी ठेवायची, म्हणजे पडलेला मसाला तिथून खरवडून काढता येतो. भरण्याआधी ती बंद करायची. चार फुटांपर्यंत उंची आली की भरून घ्यायचं, मग पुढचे थर. काँक्रीट बारीक खडीचं, १० मिलिमीटरच्या आतल्या, आणि सरसरीत. घावनाच्या पिठाइतकं पातळ नको, त्यात खडी खाली बसते. आंबोळीच्या पिठासारखं, ओतलं की आपणहून कोपऱ्यात सरकेल असं. आणि सळईने टोचत टोचत खाली बसवायचं. तुमच्या भिंतीला या कामाला एक ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, आसपास काँक्रीट लागेल. एवढ्या मालाची काटकसर केली म्हणून अख्खी भिंत गमावणं परवडणारं नाही. भरून आठवडा झाला की हातोडीचा दांडा घेऊन तुम्हीच वाजवत जा. त्यासाठी इंजिनियर लागत नाही, कान लागतात.

सळयांचं. सहा फूट उंचीला, मागे पाणी साचू दिलं नाही तर, १२ मिलिमीटरच्या सळया दर सोळा इंचांवर, म्हणजे एक सोडून एका भोकात, असा साधारण अंदाज असतो. हा आकडा गवंड्याला देऊन काम चालू करू नका. तुमच्या जागेची माती, पाया आणि वरचा भार बघून तो ठरतो. मी सांगतोय ते अशासाठी की कोणी ८ मिलिमीटरच्या सळया दर चार फुटांवर टाकून ‘आतून सळई आहे’ म्हणाला तर तुमच्या भुवया उंचवायला हव्यात. सळई भोकात कुठे उभी आहे हेही बघा. माती मागून ढकलते तेव्हा भिंतीची मातीकडची बाजू ताणली जाते, म्हणून सळई त्या बाजूला असावी लागते. काही ठिकाणी ती बाहेरच्या बाजूला बांधलेली मी पाहिली आहे, ‘दिसायला सरळ येते’ म्हणून. आणि सहा-सात फुटांच्या सळईवरून प्रत्येक ब्लॉक ओवून खाली उतरवायचा गवंड्यांना कंटाळा येतो, त्यात त्यांची चूकही नाही. पायातून दोन-सव्वादोन फूट सळई वर ठेवायची आणि वरची सळई तिला दोन फूट चिकटून बांधायची, म्हणजे काम सोपं होतं. जे करायचं नाही ते म्हणजे पाया ओतून झाल्यावर भोकात सळई नुसती उभी खोचणं. तिचा पायाशी काही संबंधच राहत नाही.

पायावर मी मुद्दाम जरा जास्त रेंगाळतोय, कारण दिसत नाही म्हणून पैसे वाचवायला सगळे तिथेच जातात. अशा सळईच्या भिंतीचा पाया तिच्या जाडीपुरता नसतो. सहा फुटांसाठी साडेतीन-चार फूट रुंद स्लॅबसारखा पाया लागतो आणि त्यातला मोठा भाग मागे, भरावाच्या पोटात जातो. भराव झाला की ती माती या मागच्या भागावर बसते आणि भिंतीला खाली दाबून धरते. मातीच मातीला अडवते म्हणा ना. भराव करायच्या आधी हा खड्डा मागे रुंद घ्यावा लागतो आणि गवंडी म्हणतो, ‘एवढं कशाला खणायचं?’ खणायचं. पाया मूळ जमिनीवर बसला पाहिजे. जेसीबीने ढकलून ठेवलेल्या मातीवर तर अजिबात नको. तुमच्याकडे वर जांभा लागला तर उत्तम. पण जांभ्याचा थर पातळ असला की त्याच्या खाली पांढरट-पिवळी मऊ माती निघते, कोरडी असताना खडूसारखी आणि भिजली की लोण्यासारखी. ती लागली तर तिथे थांबा आणि जाणकाराला दाखवा.

पाण्याचं मात्र तुम्हाला स्वतःलाच लक्ष घालावं लागेल. भिंतीला पाणी निघायला आडवे पाइप ठेवायचे, तीन-चार इंची, दर पाच फुटांवर, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. पहिली रांग खालच्या जमिनीपासून वीतभर वर. एवढं बहुतेक जण करतात. त्याच्या मागे काय आहे ते कोणी विचारत नाही. पाइपाच्या तोंडाला थेट तांबडी माती लागली तर पहिल्याच पावसात ते बुजतं आणि पुढे तो पाइप शोभेचा. भिंतीला लागून पूर्ण उंचीला फूटभर जाडीचा खडी-दगडगोट्यांचा थर हवा, आणि खडी व माती यांच्या मधे जिओटेक्स्टाइलचं कापड. पाणी त्यातून जातं, माती जात नाही. कापड महाग नाही, न टाकण्याचं खरं कारण आळस असतं. खडीच्या तळाशी भोकं पाडलेला चार इंची पाइप भिंतीच्या लांबीने घालून दोन्ही टोकांना बाहेर काढला तर फारच छान. वरून मात्र फूटभर घट्ट चिकणी माती किंवा फरशी घालून पावसाचं पाणी त्या खडीत थेट पडणार नाही असं बघा. घराच्या पागोळ्यांचं पाणी तर भरावात अजिबात सोडायचं नाही. त्याला पन्हाळ आणि वेगळी वाट हवी. कितीतरी भिंती अंगणातल्या पावसाने वाकत नाहीत, छपरावरून एका जागी पडणाऱ्या धारेने वाकतात.

मागे भराव टाकायची घाई नको. काँक्रीटला २८ दिवस द्या. मग सहा-आठ इंचांचे थर करून, हाताने किंवा छोट्या धुमसाने बसवत भरा. जेसीबीवाला एका दुपारी सगळी माती वरून ढकलून मोकळा होतो आणि त्या दिवशी भिंतीला जो दणका बसतो तो पुढच्या वीस पावसाळ्यांत बसत नाही. निदान भिंतीच्या उंचीएवढं, म्हणजे सहा फूट, अंतर राखून मशीन चालवायला सांगा.

आता माझ्या मनात पत्र वाचल्यापासून घोळतंय ते. सहा फूट कोणी ठरवलं? सगळं अंगण एका पातळीत हवं, हे ठरवलंय का, की शहरातल्या सोसायटीच्या पार्किंगसारखं सपाट म्हणजे चांगलं असं सगळ्यांनी धरून घेतलंय? भिंतीच्या उंचीचा हिशोब फसवा असतो. उंची दुप्पट झाली की मातीचा जोर चौपट होतो आणि उलटवणारी ताकद आठपट. उलट बाजूने बघा. सहाच्या एका भिंतीऐवजी तीन-तीन फुटांच्या दोन भिंती केल्या, मधे सहा फुटांची पायरी सोडली, तर प्रत्येकीवर फुटाला ७५ किलोंच्या आसपास जोर येतो. ही सहा फुटांची पायरी महत्त्वाची आहे. वरची भिंत खालचीच्या अगदी जवळ आणली तर वरची खालचीच्या डोक्यावर बसते आणि दोन्ही मिळून पुन्हा सहा फूटच होतात. तीन फुटांची भिंत गावातला चांगला गवंडी चिऱ्यात, म्हणजे जांभ्याच्या दगडात, घालू शकतो, मागे कलती, खाली दोन फूट रुंद. कोरडा गडगा, म्हणजे मसाल्याशिवाय रचलेला दगडी बांध, घालणारा माणूस अजून गावात असेल तर त्याहून बरं. त्याच्या प्रत्येक सांध्यातून पाणी आपोआप जातं. आपले पूर्वज नाचणीसाठी डोंगरउतारावर ताल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे बांध, घालत होते तेव्हा त्यांनी कुठे एकदम सहा फूट अडवलं? मधल्या पायरीवर अनंत, जास्वंद, अळू लावा. मोठी झाडं नकोत, फणस तर नकोच.

अंगण कमी होईल, हे खरं. किती कमी होईल ते जागेवर चुन्याने आखून बघा. कागदावर जे खटकतं ते जमिनीवर बऱ्याचदा चालून जातं. पण त्या अंगणात गाडी उभी करायची असेल तर मला आधीच सांगायला हवं होतं. गाडीचा भार धरला की सहा फुटी भिंतीला उलटवणारा जोर जवळजवळ निम्म्याने वाढतो. पाण्याची टाकी भिंतीच्या कडेला ठेवायचा विचार असेल तर तोही इंजिनियरला सांगा. नंतर ‘एवढीशीच टाकी आहे’ असं होतं. हजार लिटर म्हणजे एक टन.

तेव्हा माझा कौल असा. जागा सोडता येत असेल तर दोन पायऱ्या, चिऱ्याच्या किंवा दगडाच्या. पोकळ की भरीव हा वादच मिटला. जागा सोडता येत नसेल आणि सहा फूट एका दमात अडवायचंच असेल, तर पोकळ ब्लॉक, पण सळई घालून, सगळी भोकं भरून, स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीच्या नकाशावर. भरीव ब्लॉक तुमच्या वडिलांच्या समाधानासाठी वरच्या कठड्याला वापरा. आणि खाली गोठा असताना इंजिनियरची फी वाचवायची गोष्ट करू नका. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असा माणूस मिळतो. त्याने जागेवर यायला हवं, फोनवर फोटो बघून नकाशा देणाऱ्याला नको म्हणा.

ब्लॉक घेताना कारखान्यात स्वतः जा. आठ इंचीचा खरा आकार ३९० गुणिले १९० गुणिले १९० मिलिमीटर असतो, सांधा धरून तो ४००-२००-२०० होतो. पोकळ ब्लॉक सतरा-अठरा किलोंच्या आसपास भरायला हवा. फारच हलका लागला तर कडा पातळ आहेत. ब्लॉक कधी काढला आणि किती दिवस पाणी मारलं ते विचारा. १४ दिवस पाणी मारलेलं असावं, आणि नंतर तो सावलीत वाळलेला हवा. ओला ब्लॉक भिंतीत बसला की वाळताना आकसतो आणि चिरा पडतात. याच कारणासाठी दर वीस-पंचवीस फुटांवर भिंतीत उभा सांधा ठेवायचा; तुमच्या भिंतीला दोन येतील. घरच्या घरी करण्यासारखी एक परीक्षाही आहे. वाळलेला ब्लॉक धान्याच्या काट्यावर तोला, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. वजन दहा टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे अठरा किलोचा वीसकडे गेला, तर तो ब्लॉक स्पंज आहे. दुसरा कारखाना बघा.

दरांची तुलना करतानाही एक सावधगिरी. गवंडी ब्लॉकमागे किंवा चौरस फुटामागे दर सांगेल. तुम्ही रनिंग फुटाचा दर मागा, ज्यात खोदाई, पाया, सळई, भोकं भरणं, खडी, कापड, पाइप आणि भराव सगळं येतं. पोकळ आणि भरीव यांच्यातला फरक मग फार वेगळा दिसतो, आणि कोणाच्या दरात मागची खडी धरलेलीच नाही हेही उघडं पडतं.

वेळेचं गणित जमेल, पण जेमतेम. शिमग्याला पाया धरला तर वैशाखात भिंत आणि भराव होतो. एप्रिलच्या मध्यानंतर सुरुवात होणार असेल तर यंदा फक्त पाया आणि पाण्याच्या वाटा करून थांबा. भिंत दिवाळीनंतर. अर्धवट भरलेल्या भिंतीमागे मृगाचा पाऊस घेणं म्हणजे जुगार आहे. उघडा उतार एक पावसाळा ताडपत्री आणि वर चर खणून काढता येतो.

भिंत झाल्यावर दर मे महिन्यात पाइपांत सळई घालून ते साफ करा. गांधीलमाश्या, खेकडे, मुळं, काहीही निघतं. रंगाऱ्याने बाहेरून गिलाव्याने तोंडं लिंपली नाहीत ना, तेही बघा. हे विनोदी वाटतं, पण होतं. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला दोन-तीन जागी ओळंबा लावून अंतर पेन्सिलीने भिंतीवरच लिहून ठेवा, तारखेसह. पाइपातून गढूळ पाणी सतत येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे, कापड कुठेतरी चुकलंय. आणि मुसळधार पावसात सगळ्या पाइपांची तोंडं कोरडी असतील तर खूश होऊ नका. ते पाणी मागे उभं आहे. अशा वेळी आडवी चीर किंवा फुगवटा दिसला तर रात्रीची वाट न बघता गोठा रिकामा करायचा.

राहिलं पाइपांतून निघणारं पाणी. ते पडणार चुलत्यांच्या हद्दीत. भिंतीच्या पायथ्याशी गटार करून ते पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, नेऊन सोडावं लागेल, आणि तुमच्या पायाचा पुढचा भागही तुमच्याच हद्दीत राहायला हवा. मोजणीच्या खुणा असतील तर त्या आधी उघड्या करा. शिमग्याला जाल, पालखी घरी येऊन जाईल, त्यानंतर चुलत्यांना सोबत घेऊन त्या उतारावर एक चक्कर मारा आणि गटार कुठून न्यायचं ते त्यांनाच विचारा. नकाशा काढणाऱ्याला माहीत नसलेली एक गोष्ट त्यांना पाठ असेल: आषाढात पाणी त्या उतारावर नेमकं कुठून उतरतं आणि गोठ्याच्या कुठल्या कोपऱ्यात आधी शिरतं.